पेज, शिरवाळे आणि चिनी वाडगा

पालघरहून बोईसरकडे निघाले की वाटेत कोळगाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय या कोळगावच्या जमिनीवर उभे राहिले. पलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. त्याहून पलीकडे समुद्रकाठी, १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. कारखान्यांची पाळी सुटायची वेळ झाली की या भागात रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात. लाल पाटी, पाटीवर शेपटी वळवलेला ड्रॅगन, मोठ्या खोलगट कढईखाली भडकलेला जाळ आणि कढईवर खणखणणारा झारा. पाटीवर शब्द एकच असतो : 'चायनीज'. तिथे वारली तरुण उभा असतो, बिहारहून आलेला कामगार उभा असतो आणि शिकवणीहून घरी परतणारी शाळेची मुलेही उभी असतात.

आपण म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या गाडीशी काय करायचे आहे? शिवाजी महाराज, पेशवे, सत्तावन सालचा उठाव हे सोडून हा नूडल्सच्या मागे का लागला? मंडळी, माझे म्हणणे एवढेच की माणूस काय खात आला, कसे शिजवीत आला आणि ते कोणाकडून शिकला, हाही इतिहासच आहे. लढाई एखाद्या दिवसाची असते. चूल रोज पेटते. आणि या गाडीपुढे उभे राहून दोन प्रकारची माणसे दोन प्रकारची चूक करतात. एक म्हणतो, हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे असले काही नव्हते. दुसरा म्हणतो, आपल्या घरचे ते जुनाट, खरे चवदार ते हेच. दोघांनाही आपल्या आजीच्या फडताळात काय होते याची आठवण राहिलेली नाही. ती आठवण ताजी करावी म्हणून आजचे हे चार शब्द.

प्रथम जरा दूर जाऊ या. चीनच्या वायव्येला, पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात, छिंगहाय नावाच्या प्रांतात लाजिया म्हणून एक जुने गावठाण आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथे भूकंप झाला, मागोमाग पूर आला आणि सारे गाव गाळाखाली गाडले गेले. या शतकाच्या आरंभी तिथे खोदकाम करणाऱ्यांना एक मातीचा वाडगा पालथा पडलेला सापडला. तो उचलला तेव्हा आत पिवळसर, बारीक, लांब दोऱ्यांची एक गुंतवळ दिसली. त्या शेवया होत्या! २००५ साली ही हकीगत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जगातल्या आजवर सापडलेल्या या सर्वांत जुन्या शेवया. काही दोरे हातभर लांब आणि जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास.

तपासणीत कळले की त्या गव्हाच्या नव्हत्या. त्या राळ्याच्या आणि वरईसारख्या दुसऱ्या एका भरडधान्याच्या होत्या. राळा आणि वरई! आपल्या जव्हार-मोखाड्याच्या माणसाला या धान्यांची ओळख करून द्यायला नको. डोंगरउतारावर नागलीच्या शेजारी वरई पिकते ती हीच जमात. म्हणजे ज्या पदार्थाला आपण मैद्याचा समजतो, त्याचा सर्वांत जुना पुरावा आपल्या डोंगरातल्या धान्याच्या भाऊबंदांचा निघाला.

पण इथेच पंडितांना एक कोडे पडले. गव्हाच्या पिठात एक चिवटपणा असतो. कणीक मळून तासभर ठेवली की ती ताणली जाते, तुटत नाही. राळ्याच्या किंवा वरईच्या पिठात हा गुण नाही. भिजवून ओढायला गेले की तुकडे पडतात. मग हातभर लांब दोरा निघाला कसा? काहींनी शंका काढली की हे होणेच शक्य नाही. पुढे चिनी संशोधकांनी करून पाहिले आणि एक वाट दाखवली : पीठ आधी गरम पाण्यात शिजवून घ्यायचे, त्याचा चिकट गोळा करायचा आणि तो भोकांच्या साच्यातून दाबून काढायचा. मग दोरा अखंड येतो.

मंडळी, हे वाचताना कोकणातल्या कुठल्याही जाणत्या बाईला हसू आले असते. कारण शिरवाळे असेच करतात. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि पाण्यातून काढल्या काढल्या साच्यात घालून दाबायचे. दक्षिण कोकणात या लाकडी साच्याला शेवगा म्हणतात, कुठे सोऱ्या म्हणतात. एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने दांड्यावर सगळा भार टाकायचा. खाली ताटलीत पांढऱ्याशुभ्र दोऱ्यांची चुंबळ पडते आणि वरून गूळ-वेलचीचा नारळाचा रस. उकड थंड झाली की साचा हलत नाही, हे शास्त्र त्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. पंडितांना पडलेले कोडे आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यानुपिढ्या सुटलेलेच होते. ते फक्त कोणी लिहून ठेवले नव्हते.

चीनमध्ये मात्र काही गोष्टी लिहिल्या गेल्या. इसवी सन ५४० च्या सुमारास जिया सिशिए नावाच्या एका अधिकाऱ्याने शेती आणि घरकाम यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. नांगरट कशी करावी, दारू कशी गाळावी, लोणचे कसे घालावे, असले सारे त्यात आहे. त्यातच पिठाच्या दोऱ्यांची कृती आहे. बैलाच्या शिंगाचा तुकडा घ्यावा, त्याला सहा-सात बारीक भोके पाडावीत, तो रेशमी कापडाला शिवावा, कापडात सैल पीठ भरावे आणि उकळत्या पाण्यावर धरून पिळावे. हा त्यांचा सोऱ्याच म्हणा ना! आपल्याकडे लाकूड, त्यांच्याकडे शिंग. युक्ती एकच.

याचा अर्थ आपण त्यांच्याकडून शिकलो, की ते आपल्याकडून? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे घाई करू नये. तांदूळ जिथे पिकतो तिथे, केरळात आणि तामिळनाडूत इडिअप्पम् आहे, व्हिएतनाममध्ये तांदळाच्या शेवया आहेत, चीनच्या दक्षिणेला आहेत आणि आपल्या कोकणातही आहेत. एकच धान्य आणि एकच अडचण असली की माणसाची बुद्धी पुष्कळदा एकाच वाटेने जाते. मार्को पोलोने शेवया चीनहून इटलीत नेल्या, ही गोष्ट आपण ऐकली असेल. तो १२९५ साली व्हेनिसला परतला हे खरे. आपल्या ठाण्याचाही उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. पण त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, ११५४ साली, अल् इद्रिसी या भूगोलकाराने सिसिली बेटावर सुक्या शेवया बनवून जहाजांनी दूरदूर पाठवतात असे नमूद करून ठेवले आहे. तेव्हा शिक्षकमित्रहो, ही मार्को पोलोची कथा वर्गात सांगितलीत, तर ती कथा आहे असेच सांगा.

घाट चढून देशावर गेले की तांदूळ सरतो आणि गहू येतो. तिथे साच्याची गरज नाही, कारण गव्हाचा चिवटपणा मदतीला असतो. उन्हाळ्यात, लग्नसराईच्या आधी, बायका एकत्र बसत. कोणी पाटावर शेवया वळी, कोणी त्या हाताने ओढून उन्हात काठीवर वाळत टाकी. विदर्भात काडीभोवती कणीक गुंडाळून सरगुंडे करतात आणि ते आमरसाबरोबर खातात. याखेरीज बारीक वळवटाचा सगळा संसार : गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे. गव्हाच्या दाण्याएवढा तो गव्हला, नखाने दाबून काढलेला तो नखुला, बोटावर वळलेला तो बोटवा. लग्नात रुखवतावर हे मांडायचे आणि पाहुण्यांनी सुनेच्या हाताची पारख करायची. इटलीच्या लोकांनी आपल्या अशा आकारांची नावे जगभर नेली. आपल्या नावांची गत अशी की पुढच्या पिढीला ती शब्दकोशातच पाहावी लागतील.

हे किती जुने? सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात शिजवलेल्या अन्नाचे एक प्रकरण आहे. त्यात 'सेविका' हा पदार्थ सांगितला आहे : गव्हाच्या बारीक पिठाच्या जवाएवढ्या वाती वळाव्या, वाळवाव्या आणि दुधात शिजवाव्या. नाव शेवयांचे, पण वर्णन पाहिले तर ते गव्हल्यांच्या अधिक जवळचे. म्हणजे आपल्या आजीच्या बोटांतले कौशल्य निदान चारशे वर्षांपूर्वी ग्रंथात जाऊन बसण्याइतके जुने होते.

आणखी एक साम्य पाहा. चीनच्या उत्तरेला हाताने ओढायच्या शेवयांच्या कणकेत थोडे क्षाराचे पाणी घालतात. त्याने कणीक अधिक चिवट होते आणि शेवई उकळत्या पाण्यात विरघळत नाही. जपानातही हीच रीत गेली. आपण शेवयांत क्षार घालत नाही, पण पापडात पापडखार घालतो. क्षाराने पिठाचा पोत बदलतो हे ज्ञान दोन्हीकडे होते. त्यांनी ते वाडग्याकडे वळवले, आपण पापडाकडे.

हे झाले शेवयांचे. आता सूप घेऊ. गाडीवर 'मंचाव सूप' मागणाऱ्या मुलाला वाटते, सूप ही साहेबाची किंवा चिन्याची चीज. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, अठ्ठावीस प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. यवागू म्हणजे धान्याची पातळ पेज, निरनिराळ्या औषधी द्रव्यांबरोबर शिजवलेली. मंड, पेया, विलेपी असे पातळ-दाटपणावरून भेद केले आहेत आणि मुगाच्या कढणाला यूष म्हटले आहे. आपली पेज ही त्या पेयेचीच लेक. वारली घरातली नागलीची आंबील, कोकणातली उकड्या तांदळाची पेज, देशावरचे कुळथाचे कढण, कोकमाचे सार, ही सगळी सूपेच. त्यांना इंग्रजी नाव मिळाले नाही म्हणून ती हॉटेलच्या यादीवर चढली नाहीत, एवढेच.

यातल्या एका शब्दाचा प्रवास तर फारच गमतीचा आहे. चीनमधल्या न्याहारीच्या तांदळाच्या पेजेला इंग्रजीत 'काँजी' म्हणतात. हा शब्द चिनी नाही. तो आपल्याकडचा, दक्षिणेतला 'कंजी', मराठीतला 'कांजी'. पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांनी तो उचलला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात, पटकीच्या रोग्याला मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात व त्याला इथले लोक 'कांजे' म्हणतात, असे आले आहे. पुढे हा शब्द युरोपियनांच्या जहाजांतून पूर्वेला गेला आणि चिनी पेजेला जाऊन चिकटला. त्याच पोर्तुगीजांची सत्ता आपल्या या किनाऱ्यावरही होती. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर हे किल्ले त्यांच्याकडे होते आणि १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी तारापूर घेतले, मे महिन्यात वसई घेतली. सत्ता गेली, पण त्यांनी अमेरिकेतून आणलेली मिरची राहिली. तीच मिरची चीनच्या सचुआन प्रांतातही पोहोचली. गाडीवरची 'शेजवान' चटणी त्या सचुआनचे नाव सांगते. मिरची मात्र मूळची ना त्यांची, ना आपली.

आता चवीची गोष्ट. १९०८ साली तोक्यो येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी प्रश्न घातला की समुद्री शेवाळाच्या पाण्याला जी एक भरीव गोडी येते ती कशामुळे? त्यांनी त्या पाण्यातून ग्लुटामेट नावाचे द्रव्य वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. त्यातूनच अजिनोमोटोचा धंदा उभा राहिला. पाच वर्षांनी, १९१३ साली, त्यांचे शिष्य कोदामा यांनी सुकवलेल्या मासळीत तसलेच काम करणारे दुसरे द्रव्य शोधले. जपानी बाई सूप करते ते मुख्यतः या दोहोंच्या पाण्यावर : समुद्री शेवाळ आणि सुकी मासळी.

सातपाटीच्या कोळणीला हे सांगा. ती म्हणेल, यात नवल ते काय? जवळ्याची मूठ पडल्यावर कुठल्याही पाण्याला चव येते! सातपाटीपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर बोंबील वाळतात, सुकट वाळते. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की तीच घराला आधार देते. प्राध्यापकाने द्रव्याचे नाव शोधले. कोळणीने त्याचा उपयोग आधीच शोधला होता.

मग चिनी माणूस आपल्याकडे आला केव्हा? एकोणिसाव्या शतकात, १८३० नंतर, इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. या कैद्यांनी तिथे बागा केल्या आणि बटाटे व भाजीपाला पिकवला. मुंबईत चिनी खलाशी आणि कारागीर माझगावच्या गोदीजवळ राहिले. १९१९ साली त्यांनी तिथे बांधलेले देऊळ आजही आहे. कलकत्त्याची चिनी वस्ती याहून जुनी आणि मोठी. १९६२ चे युद्ध झाले तेव्हा ईशान्येकडच्या आणि बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळी येथे स्थानबद्ध करून ठेवले. त्यांतली कित्येक इथेच जन्मलेली होती. सुटल्यावर पुष्कळजण देश सोडून गेले. त्यांचे पदार्थ मात्र आपण ठेवून घेतले. याचा विचार गाडीपुढे उभे राहिल्यावर कधीतरी मनात यावा.

गाडीवर मिळते ते चीनमध्ये मिळत नाही, हेही लक्षात घ्या. 'मंच्युरियन' या पदार्थाचे श्रेय कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातून मुंबईला आलेले नेल्सन वांग यांना देतात. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात एका गिऱ्हाइकाने नवे काहीतरी मागितले. त्यांनी आपल्याकडच्यासारखी आले, लसूण, हिरवी मिरची घेतली, पण मसाल्याच्या जागी सोयाबीनचा सॉस घातला आणि मक्याच्या पिठाने रस दाट केला. मांचुरियात हा पदार्थ कोणाला ठाऊक नाही. तो मुंबईचा आहे, जसा वडापाव मुंबईचा.

आणि पाकीट? तेही एका गरजेतून निघाले. युद्धात जपान बेचिराख झाला होता. ओसाकाच्या काळ्या बाजारात गरम शेवयांच्या एका वाडग्यासाठी लोकांच्या लांब रांगा मोमोफुकु आंदो यांनी पाहिल्या. पुढे घराच्या मागच्या झोपडीवजा खोलीत खटपट करून त्यांनी शिजवलेल्या शेवया तेलात तळून कोरड्या करण्याची युक्ती काढली. तळताना पाणी उडून जाते आणि शेवईत बारीक बारीक छिद्रे राहतात. पुन्हा उकळते पाणी पडले की ती छिद्रे ते शोषून घेतात. २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचे पहिले पाकीट बाजारात आले. आपल्याकडे १९८० नंतर अशी पाकिटे आली. आज जगात वर्षाला शंभर अब्जांहून जास्त पाकिटे खपतात. भुकेल्या माणसाला दोन मिनिटांत गरम घास, या कल्पनेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

नावे ठेवायची ती आपल्या अदलाबदलीला. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. तो डाग अजून पुरता पुसला गेलेला नाही. त्याच डोंगरात नागली पिकते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. भारताने मांडलेल्या ठरावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातला माणूस नागली महाग भावाने विकत घेऊ लागला. आणि जिच्या शेतात ती पिकते ती माउली ती बाजारात विकून त्या पैशांत पोरासाठी मैद्याची पाकिटे आणू लागली, तर तो सौदा कोणाच्या फायद्याचा? पाकिटात मैदा आहे, तेल आहे आणि मीठ पुष्कळ आहे. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; त्यातला मोठा वाटा एका पाकिटातच संपतो. वाढत्या पोराच्या पोटात जागा थोडी असते. ती कशाने भरायची हा चवीचा प्रश्न राहत नाही, तो हाडामांसाचा प्रश्न होतो.

मुलांना वाडग्यातून सुरकायच्या गरम शेवया आवडतात ना? मग त्या घरीच करा. चार माणसांचे प्रमाण सांगतो. दोन वाट्या तांदळाचे पीठ घ्या. त्यातली अर्धी वाटी काढून तिथे नागलीचे पीठ घातले तर उत्तम. दोन वाट्या पाणी उकळा, त्यात चवीला मीठ आणि चमचाभर तेल घाला, पीठ टाकून ढवळा आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ आणा. हाताला सोसेल इतकी गरम असताना उकड मळा. लिंबाएवढे मुटके करून उकळत्या पाण्यात सोडा. ते वर तरंगू लागले की आणखी थोडा वेळ शिजू द्या. मग एकेक काढून शेवेच्या ताटलीच्या सोऱ्यातून गरम असतानाच दाबा. चुंबळी ताटात वेगवेगळ्या ठेवा.

दुसऱ्या चुलीवर पाणी करा. सुक्या जवळ्याची मूठभर सुकट कोरडी भाजून, धुऊन, सहा वाट्या पाण्यात टाका. ठेचलेले आले, चार पाकळ्या लसूण, पाच-सहा मिरी आणि दोन कोकमे घाला. पाव तास उकळून गाळा. मासळी न खाणाऱ्यांनी मूग किंवा कुळीथ मऊ शिजवून त्याचे कढण घ्यावे. तेही तितकेच भरीव लागते. गाळलेल्या पाण्यात बारीक चिरलेला कोबी, शेवग्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, जे घरात असेल ते टाका आणि दोन उकळ्या आणा. मीठ शेवटी, चाखून. शेवया पाण्यात शिजवत ठेवू नका. चिनी आचारी शेवया वेगळ्या शिजवतो आणि सूप वेगळे, आणि दोघांची गाठ वाडग्यातच घालतो. कारण पिठूळपणा सुटला की सूप गढूळ होते. आपणही तसेच करावे. वाडग्यात चुंबळ ठेवावी, वरून कढत पाणी ओतावे आणि लगेच खायला बसावे. उकडलेले अंडे कापून वर ठेवले तर पोरांचे पूर्ण जेवण झाले. कढणातल्या शिजलेल्या डाळीही टाकू नका; त्यांची उसळ होते.

यात विकत आणायचे असे काही नाही. सोऱ्या बहुतेक घरांत चकल्यांसाठी असतोच, फक्त तो दिवाळीनंतर माळ्यावर जातो. त्याला वर्षभर खाली राहू द्या.

शिक्षकमित्रहो, आपल्याला शेवटी एक काम सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना किल्ले करायला सांगता, ते सांगाच. त्याबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक मुलाला घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क बाईकडे वही घेऊन पाठवा. तुम्ही लहानपणी पेज कशाची खात होता? शेवया कशावर वळत होता? साच्याला काय म्हणत होता? नखुले कसे करायचे ते करून दाखवा. बाईचे नाव, गाव, वय आणि तिने सांगितलेला शब्द तिच्याच उच्चारात लिहून घ्यायला सांगा. वारली घरात वेगळे शब्द मिळतील, मांगेल्यांत वेगळे, वाडवळांत वेगळे, सामवेदी घरात आणखी वेगळे. आपल्या आकारांची आणि कृतींची नोंद ठेवणारा जिया सिशिए आपल्याला लाभला नाही. चाळीस मुलांच्या चाळीस वह्या त्याचे थोडेफार काम करतील. फक्त उशीर करू नका. ज्यांना विचारायचे त्या ऐंशीच्या घरात आहेत.